झीज

१

दागिना समोर आला की मी आधी तो उलटा करते. पुढची बाजू लोकांना दाखवायची असते, तिथे सगळ्याच बायका सुखी असतात. मागे बघितलं की कळतं, कुठे डाख देऊन जोडलंय, कुठे मळ साठलाय, कुठली कडी ओढाताणीत लांबलीय. आणि झीज. ठुशी सणासुदीला बाहेर निघायची की रोज गळ्यात असायची, पाटलीवाली स्वतः कणीक मळायची की नुसते हुकूम सोडायची, हे मी झिजेवरून सांगू शकते. दुसऱ्यांच्या आया-आज्यांचं सोनं पारखण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या स्वतःच्या नावावर सोन्याचा डाग एकच, आईने दिलेली नाण्यासारखी पुतळी, आणि तीही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून. लग्न केलं नाही, त्यामुळे बाकीचं घालायला कोणी आलंच नाही.

ऑफिस खोपटला, एस.टी. डेपोसमोर, पहिल्या मजल्यावर. खाली दिवसभर गाड्यांच्या घोषणा चालू असतात. मुरबाड, भिवंडी, शहापूर. मला त्या आता ऐकूही येत नाहीत.

त्या दुपारी आसावरी आली. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. अक्काची बदलीची नोकरी होती, म्हणून पोर शाळेची सगळी वर्षं माझ्याकडे वर्तकनगरला वाढली. पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली. जिन्यावरून पडून डावी भुवई फुटली तेव्हा रक्ताने माखलेली पोर उचलून डॉक्टरकडे मी धावले. त्या जागी केस पुन्हा आलेच नाहीत, भुवईत बारीक रेघ राहिली. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. डोंबिवलीचा सलिल वेखंडे. चांगली नोकरी, स्वतःचा फ्लॅट, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त पहिली बायको, संचिता, वारलेली. मी म्हटलं होतं, जरा थांबा. त्यावर अक्का म्हणाली, "पस्तिशीला टेकलीय ती. थांबून काय होतं ते दिसतंय की," आणि माझ्याकडे बघितलं.

आसावरीने डबा टेबलावर ठेवला. "मावशी, सासूबाईंना विम्यासाठी किंमत काढून हवीय. आणि मला सांग, यातलं मोडून नवीन काय करता येईल. बोअर झालेय मी या सगळ्याला."

माल जुना होता आणि चांगला होता. वेखंड्यांच्या मुरबाडच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला. ठुशी, बुगड्या, आणि मकरमुखी तोड्यांची जोडी. तोडे तिच्या हातातच होते, ते तिने काढून दिले. मग गळ्यातला काळा दोरा काढला. त्याला अंगठ्याच्या नखाएवढा सोन्याचा पत्रा होता, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. पदर कळत होता, हात कळत होते. चेहरा मात्र झिजून पार सपाट झाला होता.

"देवीचा टाक आहे," आसावरी म्हणाली. "लग्नात सासूबाईंनी घातला. नवीन काहीही अंगावर घ्यायचं तर आधी याला लावायचं. साडी, बांगड्या, साधी टिकली पण. जेवताना पहिला घास याला दाखवायचा."

"ही देवी नाही गं. देवीचा टाक देव्हाऱ्यात असतो, गळ्यात नाही."

"मग कोण?"

"सवत." मी टाक उलटा करून बघत होते, शब्द सहज निघून गेला. "पहिली वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालायचे. मान आधी तिचा, मग हिचा. जुन्या लोकांची पद्धत. अजून कोणी पाळत असेल असं वाटलं नव्हतं."

ती हसली. "म्हणजे वर्षभर मी संचिताला गळ्यात घालून फिरतेय?" मग हसू गेलं. "मावशी, हा आधी मोड."

"वेडी आहेस का? असा घाट आता बघायला मिळत नाही. मोडलं की नुसतं सोनं उरतं. नको असेल तर घालू नकोस, पण ठेव."

आमच्या धंद्यातलं हे ठरलेलं वाक्य आहे. तिने टाक परत गळ्यात घातला आणि मी तोडे हातात घेतले.

तोड्यांच्या जोडीत डावा-उजवा ठरलेला असतो, मकराची तोंडं एकमेकांकडे बघणारी यावी लागतात. ज्या हाताने बाई काम करते, त्या हातातला जास्त घासतो. इथे डावा घासला होता. ओरखडे चकचकीत होते, म्हणजे ताजे. जुना ओरखडा मळाने काळवंडतो.

"संचिता डावरी होती का गं?"

"हो. सासूबाई सारख्या तेच सांगतात. डावरी होती, पण पोळ्या काय करायची! का?"

"तिने खूप वापरलेत हे."

"छे. तिच्या हातात हे कधी पडलेच नाहीत. लॉकरमध्ये होते, माझ्या लग्नाला काढले. वर्षभर मीच घालतेय."

"उलटसुलट घालतेस मग."

"नाही हं! तूच शिकवलंयस ना, डावा कुठला, उजवा कुठला."

आसावरी उजव्या हाताची आहे. ते मला कोणी सांगायला नको होतं, ती पाटीवरची पेन्सिल मीच तिच्या हातात दिली होती. मी डावा तोडा पुन्हा भिंगाखाली धरला आणि मनाशी म्हटलं, पर्स लागत असेल, दाराची कडी लागत असेल. कारणं काय, शोधली की सापडतात.

२

किंमत काढलेला कागद द्यायला मी स्वतःच डोंबिवलीला गेले. सलिलच्या आई, मंदाकिनीबाई, जेवूनच जा म्हणून मागे लागल्या होत्या.

घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की कोणी राहत नसावं असं वाटत होतं. हॉलमध्ये झोपाळा, त्यावर मंदाकिनीबाई. भिंतीवर संचिताचा फोटो नव्हता, पण बोलण्यात तिचीच पारायणं चालली होती. हा पडदा संचिताने निवडलेला. कुंडीतला ओवा संचिताने लावलेला. आसावरी पाणी घेऊन आली तर म्हणाल्या, "संचिता पेल्यावर झाकणी ठेवून आणायची." माझ्या तोंडावर आलं होतं की मग तिलाच बोलवा पाणी द्यायला. पण मुलीकडच्या माणसांनी गिळायचं असतं, मी पाण्याबरोबर गिळलं.

"टाकाचं तुम्ही तिला सांगितलंत म्हणे," बाई शांतपणे म्हणाल्या. "बरं झालं. मीही दुसरीच. माझ्याही गळ्यात तोच होता. मला काही झालं का?"

"तुमच्या आधीच्या, त्यांचं नाव काय होतं?"

"मंदाकिनी."

"नाही, तुमचं नाही. त्यांचं."

"तेच. लग्नात नाव बदलतात ना? मला तेच ठेवलं. घरच्यांना हाक मारायला सोपं." झोपाळा हलत होता, त्याची कडी बारीक करकरत होती. "लग्न होऊन आले तेव्हा मला काही म्हणता काही येत नव्हतं. रडायचे नुसती. मग एक दिवस सगळं यायलाच लागलं."

"आणि माहेरचं नाव?"

त्या नाव सांगायला गेल्या आणि पायाने झोपाळ्याला नुसता रेटा दिला. मग म्हणाल्या, "आमटीत गूळ चालतो ना तुम्हाला?"

आसावरीने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो. तिचे डोळे खोल गेले होते. टाक गळ्यात नव्हता.

"मावशी, बँकेने माझा चेक परत पाठवला. सही जुळत नाही म्हणतात."

"होतं असं. घाईत केली असशील."

"तिथे जाऊन त्यांच्यासमोर केली. तरी जुळली नाही. मला माझी सही येत नाहीये." तिने उजवा हात मांडीवर उलटा करून बघितला. "टाक काढून देव्हाऱ्याखाली ठेवलाय. तू म्हणालीस ना, नको असेल तर घालू नकोस. काढल्यापासून जास्तच होतंय. मला घेऊन चल ना."

"बॅग भर. आत्ता."

स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता. लाटणं फिरत होतं, मध्येच थांबत होतं, आणि थांबलं की तोडा पोळपाटाच्या कडेला टेकल्यासारखा खण्‌ असा आवाज. मी काही वेळ तो नुसता ऐकला. झोपाळ्याची करकरही चालू होती, म्हणजे बाई हॉलमध्येच होत्या.

"पोळ्यांना बाई ठेवलीय का?" मी विचारलं.

"नाही. मीच करते." आसावरी माझ्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. "मावशी, नंतर बोलू या का? पोळ्या लाटतेय ना मी."

ती माझ्या शेजारी बसून हे म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मनगटं मोकळी होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे कोणी नव्हतं. तव्यावर पोळी फुगलेली होती. मी गॅस बंद केला, कारण काहीतरी करायला हवं होतं. पोळपाटावर अर्धवट लाटलेली पोळी, आणि लाटणं डाव्या बाजूला ठेवलेलं. पोरगी अर्ध्यातून उठून माझ्याकडे आली असणार, आवाज शेजारच्या घरातला असणार. या इमारतींच्या भिंती त्या काय.

परत आले तेव्हा मंदाकिनीबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि आसावरी पलंगाची चादर सारखी करत होती. "उद्या येते मी, मावशी," ती म्हणाली. "सलिलला सांगून येते."

ओढून न्यायला हवी होती. पण लग्न झालेली बाई, तिचं घर, तिची सासू दारात. आणि मी कोण? मावशी.

३

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याऐवजी अक्काचा फोन आला.

"तू काय तिचं घर मोडायला निघालीयस? बॅग भर म्हणालीस?"

"अक्का, पोर आजारी आहे. तिला सही करता येत नाहीये."

"नवीन घर आहे, टेन्शन येतं. आम्ही नाही का नांदलो? तुला संसार म्हणजे काय ते ठाऊक असतं तर बोलले असते. लोकांचे दागिने बघून संसार कळत नाही."

मी फोन ठेवला. राग आला, आणि रागापेक्षा वाईट म्हणजे तिचं पटलंही. कदाचित मला बघवत नसेल. एकटी बाई, एकच पोर लाडकी, तीही दुसऱ्याच्या घरी गेलेली. मग पोळपाटाचे आवाज ऐकू येणारच. मी स्वतःला असं बरंच काही सुनावलं. तरी आसावरीला रोज फोन करत राहिले. ती दरवेळी म्हणायची, "बरी आहे. पोळ्या लाटतेय. मग बोलते." सकाळी केला तरी तेच आणि दुपारी केला तरी तेच. मागे तो खण्‌ आवाज यायचा.

मी दोनदा डोंबिवलीला जाऊन आले. एकदा ती देवळात गेली होती, एकदा झोपली होती. मंदाकिनीबाईंनी चहा दिला. चहा चांगला होता.

मग दिवाळीच्या सुमारास अक्काने स्वतःहून फोन केला. आवाज नुसता नाचत होता. "अगं, रुळली पोरगी! काल जाऊन आले. काय टापटीप, काय स्वयंपाक! सलिल तर मागे-पुढे करतो. सासूबाई म्हणाल्या, आता खरी आमच्या घरातली झाली."

"तुझ्याशी काय बोलली?"

"खूप बोलली. मला तर म्हणाली, आई, तुम्ही दमला असाल, बसा."

आसावरीने अक्काला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही.

"म्हटलं ना, सासरी वळण लागतं," अक्का म्हणाली. "सोन्याहून पिवळं झालं बघ सगळं."

४

थोड्याच दिवसांनी ती खोपटला आली. भरदुपारी, एकटी. जिन्यावर पावलं वाजली आणि त्यांच्याबरोबर तोडे. मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले.

छान दिसत होती. अंगाने भरली होती, अबोली रंगाची साडी नीट चापूनचोपून नेसलेली. आसावरीला निऱ्या कधी जमल्या नाहीत. शिकली असेल.

"मावशी, कशी आहेस?" ती म्हणाली. सगळं बरोबर म्हणाली. पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबली.

चहा मागवला. तिने कप डाव्या हाताने उचलला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिला ते आवडत नव्हतं. डावी भुवई अखंड होती. पेन्सिलने भरतात हल्ली, मी मनाशी म्हटलं. पण उन्हात एकेक केस दिसत होता.

तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत तोच टाक.

"हा एवढा मोडून टाक ना. आता काही गरज नाही त्याची."

"सासूबाईंना विचारलंस?"

"त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वेळेस मोडायचा राहून गेला. बाहेर कोणाकडे द्यायला नको, तुझ्याकडेच दे म्हणाल्या." ती हसली. "माझ्यासमोरच वितळव. मला बघायचंय."

मी टाक भिंगाखाली धरला. सवयीने आधी उलटा केला, मागची बाजू तीच, तोच जुना डाख. मग सरळ केला.

झिजलेलं सोनं पुन्हा भरून येत नाही. माझ्या सगळ्या विद्येत एवढी एकच गोष्ट पक्की आहे. टाकावर चेहरा होता. नाक होतं, ओठ होते, ओठ किंचित उघडे. डावी भुवई मध्येच तुटलेली होती, केसाएवढ्या रेघेने. ती रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मला भिंगाशिवाय ठाऊक आहे. टाके पडत असताना ते डोकं माझ्या मांडीवर होतं.

खाली शहापूरच्या गाडीची घोषणा झाली. तेवढी मला ऐकू आली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. सोनं चांगलं आहे."

तपासणीपुरतं सोनं वितळवायची छोटी मूस आणि गॅसची बत्ती मागच्या टेबलावर असते. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, ड्रॉवर उघडला, चिमट्यासाठी शोधाशोध केली. मुठीतला टाक आत राहिला आणि आईची पुतळी बाहेर आली. लांबून दोन्ही पिवळे पत्रेच. मूस पुढे घेऊन मी बत्ती पेटवली तेव्हा ती खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसली.

पुतळीवरची आकृती आधी घामेजल्यासारखी चमकली, मग पसरली, मग गोळा झाली. आईची शेवटची वस्तू होती. ती पुढे वाकून बघत होती. तिचा श्वास अडकला होता आणि डाव्या हाताची बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती, तोडा लाकडावर टेकून बारीक वाजत होता. सोन्याचा मणी झाला, निवला. तिने श्वास सोडला.

मी मणी कागदात बांधून तिच्या हातावर ठेवला. तिने तो पर्समध्ये टाकला, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली. तिथे थांबली आणि वळली. चेहऱ्यावर खरंच काळजी होती. वाईट बाई नसावी ती. सासूने जसं केलं तसंच तिनेही केलं असेल, एवढंच.

"तिला दुखलं नसेल ना हो?" तिने विचारलं.

५

आसावरीला दिवस गेलेत. सगळे तिला आसावरीच म्हणतात. डोहाळजेवणाला मी गेले होते, न जाऊन कसं चालेल. अक्का सगळ्यांना सांगत होती की हिला म्हणे काळजी वाटत होती, बघा आता. बायका हसल्या. मीही हसले. भरलेल्या खोलीत एकाही माणसाला काही हरवल्यासारखं वाटत नव्हतं. आधीची पोर तिखट बोलायची, पोळ्या जाड करायची, सासूला उलट विचारायची. आता सगळं गोड. असा सौदा मिळाला तर कोण भिंग घेऊन बघतो? त्यांना सांगून बघावं असं एकदा मनात आलं. पण त्यांनी मला विचारलं असतं, "मग आता काय करायचं म्हणतेस?"

टाक मी आधी ऑफिसच्या तिजोरीत ठेवला होता, मऊ कापडात गुंडाळून. दोन घोषणांच्या मधल्या शांततेत तिजोरीतून आवाज यायचा. पाटीवर पेन्सिल फिरवल्यासारखा, गिरवल्यासारखा, तेच अक्षर पुन्हा पुन्हा. मी तो काही दिवस सहन केला. उंदीर म्हटलं, पत्रा तापतो म्हटलं. मग एका सकाळी काळा दोरा आणला आणि टाक गळ्यात घातला. आवाज थांबला.

आता नवीन ब्लाऊज शिवला तरी आधी तिला लावते. टिकलीसुद्धा. पहिला घास तिला दाखवते आणि भाजीत मीठ कमी पडलं असेल तर सांगते. तिच्या आवडीचं गाणं रेडिओवर लागलं की काम थांबवते. ऑफिसात आलेली गिऱ्हाईकं माझ्या गळ्याकडे बघून विचारतात, कुठली देवी? मी म्हणते, घरातली.

फक्त एक गोष्ट आहे, आणि ती माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. जुनं सोनं मऊ असतं. घामाने झिजतं, पदराने झिजतं, माया करणाऱ्या बोटाने तर सगळ्यात जास्त झिजतं. काढून ठेवलं तर ती अंधारात एकटी गिरवत बसते. अंगावर ठेवलं तर थोडी थोडी जाते. मी दर रविवारी खिडकीत बसून भिंगाने बघते. नाकाचा शेंडा गेलाय. ओठ मिटत आलेत.

आज आंघोळ झाल्यावर टाकावरून बोट फिरवलं, अगदी हलकं. भुवईतली रेघ अजून लागते.